रेणूंचे पाठभेद : जॉन बार्नबस आणि हिमोग्लोबिनची वंशावळ

साहित्याच्या अभ्यासकाला अहमदनगर जिल्ह्याची (२०२४ पासून अहिल्यानगर) ओळख करून द्यायची, तर आरंभ नेवाशापासूनच करावा लागतो. इ. स. १२९० मध्ये म्हणजे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी तेथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढची तीन शतके ती प्रतीवरून प्रत अशी उतरत राहिली आणि उतरता उतरता बदलत गेली. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी तिच्यात घालू नये, असे बजावले. मराठीतील पाठचिकित्सेचा इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. एकनाथपूर्व पाठ म्हणून राजवाड्यांनी वेगळी प्रत प्रसिद्ध केली तेव्हा या इतिहासात नवा वाद उभा राहिला. त्याचे पडसाद अजूनही अभ्यासक्रमांतून ऐकू येतात.

याच जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एका संहितेची पाठचिकित्सा झाली. ती संहिता कोणत्याही लिपीत नव्हती. ती रक्तात होती. तिचे वाचक होते अहमदनगर महाविद्यालयाच्या जीवशास्त्रीय अभ्यासाच्या पदव्युत्तर विभागात काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन बार्नबस. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले आणि १९७४ चा जीवविज्ञानासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. विज्ञानाच्या वर्तुळात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मराठी वाङ्मयीन चर्चेत ते क्वचितच येते. आम्हांला त्यांच्या कामाविषयी येथे लिहावेसे वाटते याचे कारण जिल्ह्याचा अभिमान हे नव्हे. त्यांनी जी पद्धत वापरली ती आपल्या ओळखीची आहे, आणि ती परक्या क्षेत्रात वापरलेली पाहिली म्हणजे आपल्याच पद्धतीविषयी काही नवे कळते, असा आमचा अनुभव आहे.

*

हिमोग्लोबिनची कथा सुरू होते ती स्फटिकांपासून. १८४० मध्ये ह्यूनेफेल्ड या जर्मन संशोधकाला दोन काचांमध्ये वाळलेल्या गांडुळाच्या रक्तात पातळ, चपटे स्फटिक दिसले. सजीवाच्या शरीरातील प्रथिन मिठासारखे वा खडीसाखरेसारखे स्फटिकरूप घेऊ शकते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मग निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्ताचे स्फटिक करून पाहण्यास सुरुवात झाली आणि ध्यानात आले की ते सारखे नसतात. कोणाचे स्फटिक सुयांसारखे, कोणाचे चकत्यांसारखे, तर कोणाचे चौफुलीसारखे.

१९०९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे एडवर्ड रायकर्ट हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि एमॉस ब्राउन हे खनिजशास्त्रज्ञ यांनी शंभराहून अधिक जातींच्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिन स्फटिकांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. खनिजांचे कोन मोजावे तसे त्यांनी रक्तस्फटिकांचे कोन मोजले. जवळच्या नात्यातील प्राण्यांचे स्फटिक एकमेकांच्या जवळचे असतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. प्राण्यांची वंशावळ रेणूत लिहिलेली आहे, ही कल्पना या ग्रंथात स्पष्टपणे आढळते. अडचण एवढीच होती, की त्यांच्यापुढे पोथीचे फक्त पुठ्ठे होते. आतली अक्षरे वाचण्याचे साधन अद्याप निर्माण व्हायचे होते.

स्फटिक म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. एकसारखे असंख्य रेणू एकमेकांना ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कलाने धरून बसतात, तेव्हा स्फटिक तयार होतो. हे धरणे दुबळ्या बलांचे असते: एका रेणूवरील धनभार दुसऱ्यावरील ऋणभाराला ओढतो, हायड्रोजनचा अणू दोन शेजाऱ्यांमध्ये दुवा होतो, पाण्याशी न जमणारे भाग एकमेकांच्या आडोशाला जातात. यांतील एकेक आकर्षण क्षीण असते, परंतु शेकडो मिळून आकार धरून ठेवतात. म्हणूनच रेणूच्या घडणीत किंचित फरक पडला, तरी स्फटिकाचा आकार पालटू शकतो. रायकर्ट आणि ब्राउन यांना बाहेरून दिसले ते हेच.

१९३८ मध्ये प्रागमध्ये फेलिक्स हाउरोविट्झ सूक्ष्मदर्शकाखाली प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक पाहत असता एक विलक्षण गोष्ट घडली. काचेच्या कडेने हवा आत शिरली, तसतशा षट्कोनी चकत्या विरघळू लागल्या आणि त्यांच्या जागी सुया उगवल्या. प्राणवायू बांधला जाताच रेणूचा आकार बदलतो आणि जुनी शेजाररचना त्याला मानवत नाही, असाच याचा अर्थ होता. व्हिएन्नाहून केंब्रिजला आलेले रसायनशास्त्रज्ञ मॅक्स पेरुत्झ यांनी या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून रेणूची अंतर्रचना शोधण्यास १९३७ मध्ये सुरुवात केली. पहिले उत्तर हाती येण्यास १९५९ साल उजाडले. १९६० मध्ये ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६२ मध्ये जॉन केंड्रू यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका रेणूच्या वाचनासाठी बावीस वर्षे! चिकित्सक आवृत्त्यांच्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकाला हा काळ फार वाटणार नाही.

*

दरम्यान अक्षरे वाचण्याची सोय झाली होती. प्रथिन ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी असते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात: दोन आल्फा, प्रत्येकी १४१ आम्लांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ आम्लांच्या. म्हणजे वीस अक्षरांची वर्णमाला आणि ५७४ अक्षरांची संहिता. केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिले की, सिकल सेल या आजारात बीटा साखळीतील सहावे अक्षर तेवढे बदललेले असते. ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. या एका अक्षराने रेणूंचे आपसातले वागणेच बदलते. प्राणवायू सोडल्यावर एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खोबणीत जाऊन बसते, रेणूला रेणू चिकटत लांब दोर तयार होतात आणि तांबडी पेशी कोयत्याच्या आकाराची होते. नंदुरबार वा गडचिरोलीतील ज्या कुटुंबांत हा आजार आहे, त्यांना एका पाठभेदाचे मोल किती असते हे सांगावे लागत नाही.

बार्नबस यांचे काम सुरू होते ते या टप्प्यावर. १९६२ मध्ये डच सहकारी सी. जे. म्युलर यांच्यासह 'नेचर'मध्ये त्यांनी एका नव्या हिमोग्लोबिनची नोंद केली. त्याचे नाव 'लेपोर हॉलंडिया'. हॉलंडिया ही तेव्हाच्या डच न्यू गिनीची राजधानी. आजचे नाव जयापुरा. हे हिमोग्लोबिन तेथील पापुअन लोकांत आढळले होते. 'लेपोर' हे नाव त्यापूर्वी, १९५८ मध्ये, अमेरिकेतील एका इटालियन वंशाच्या कुटुंबावरून पडले होते. त्या कुटुंबात याच जातीचे पहिले हिमोग्लोबिन सापडले होते.

लेपोरचे वैशिष्ट्य समजून घेणे साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष सोपे जाईल. बीटा साखळीची एक धाकटी बहीण आहे, डेल्टा. दोन्ही १४६ अक्षरांच्या. फरक फक्त दहा ठिकाणी. दोन्हींची जनुके गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत, आधी डेल्टाचे आणि मग बीटाचे. आता अशी पोथी डोळ्यांपुढे आणावी, की जिच्यात दोन जवळजवळ सारख्या ओव्या लागोपाठ आल्या आहेत. नकलाकार पहिली ओवी उतरू लागतो, मध्येच मान वर करतो, आणि पुन्हा पोथीत पाहताना त्याची नजर दुसऱ्या ओवीतील त्याच शब्दांवर पडते. तेथून तो पुढे लिहू लागतो. परिणाम असा, की दोन ओव्यांच्या जागी एकच उरते. तिचा पूर्वार्ध पहिलीचा, उत्तरार्ध दुसरीचा. पाठचिकित्सेत दृष्टिभ्रमाने झालेली गळती म्हणून हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. लेपोर हे तंतोतंत हेच आहे: आरंभ डेल्टाचा, शेवट बीटाचा, आणि मधला मजकूर गळालेला. पेशीत गुणसूत्रांची जोडी एकमेकींशी तुकड्यांची देवाणघेवाण करते, तेव्हा सारखेपणामुळे चुकीच्या जागी जुळणी होते आणि हा सांधा पडतो.

हॉलंडिया प्रकारात बाविसावे अक्षर डेल्टाचे आहे आणि पन्नासावे बीटाचे. मग नजर नेमकी कोठे सरकली? साखळीवरून ते सांगता येत नाही, कारण या दोन स्थानांच्या मध्ये डेल्टा आणि बीटा यांचा मजकूर अक्षरशः एकच आहे. जेथे दोन्ही आदर्शप्रती सारख्या आहेत, तेथे नकलाकार कोणती पाहत होता, हे ठरविण्यास पुरावा उरत नाही. लेपोरचा परिणामही अर्थपूर्ण आहे. आरंभ डेल्टाचा असल्यामुळे ही साखळी डेल्टाप्रमाणेच अल्प प्रमाणात तयार होते, बीटाची उणीव भरून निघत नाही आणि थॅलॅसेमियासारखा रक्तक्षय संभवतो.

पाठभेद आणि गुणसूत्रांची ही अदलाबदल यांत आम्ही ओढूनताणून साम्य शोधतो आहोत, अशी शंका कोणास येईल. त्यांना दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण करून द्यावेसे वाटते. गुणसूत्रांवरील जनुकांमधले अंतर अदलाबदलीच्या प्रमाणावरून कसे मोजावे, याचे सूत्र त्यांनी १९४४ मध्ये मांडले. आनुवंशिकीत ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्यांनी हस्तलिखितांच्या प्रचंड पसाऱ्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुकथनकर हेही केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेले होते. आपल्या विद्यापीठांत ज्या दोन इमारतींमध्ये मैदान पसरलेले असते, त्या दोहोंत या माणसांना अडसर दिसला नाही.

*

एका कुटुंबातील वा एका जमातीतील पाठभेदाकडून बार्नबस पुढे वळले ते साऱ्या सस्तन प्राण्यांच्या पाठपरंपरेकडे. डार्विनच्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथाला १९७१ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये डार्विनच्या शीर्षकाची आठवण करून देणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मनुष्याच्या वंशपरंपरेतील रेण्वीय उत्क्रांती. लेखक चार: डेट्रॉइटचे मॉरिस गुडमन, अहमदनगरचे बार्नबस, नागासाकीचे गेंजी मात्सुदा आणि गुडमन यांचे सहकारी विल्यम मूर. पुढल्या वर्षी सस्तन प्राण्यांच्या आल्फा साखळ्यांवरील निबंधात याच गटाने आपली पद्धत अधिक काटेकोरपणे मांडली.

पद्धत अशी. निरनिराळ्या प्राण्यांच्या साखळ्या एकाखाली एक मांडायच्या. कोठे अक्षर एक आहे, कोठे भिन्न आहे, ते पाहायचे. दोन प्रतींत एकच विशिष्ट बदल आढळला, तर तो दोघींनी एका समान पूर्वजप्रतीकडून घेतला असावा, असे मानायचे. मग सर्व प्रतींना जोडणारे असे झाड शोधायचे, की ज्यात कमीत कमी बदल गृहीत धरावे लागतील. आपले वैयाकरण या तत्त्वाला लाघव म्हणतात. सूत्रात अर्धी मात्रा वाचली, तरी त्यांना केवढा आनंद होतो, हे आपण जाणतोच. येथे लाघव शब्दांचे नसून घटनांचे आहे. झाडाच्या प्रत्येक फाट्यावर जी पूर्वजप्रत येते, ती कोणीही पाहिलेली नसते. ती अनुमानाने उभी करावी लागते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील संहिता जशी कोणत्याही एका हस्तलिखितात सलग सापडत नाही, तशीच ही.

या वाचनातून काय निष्पन्न झाले? मनुष्य आणि चिंपांझी यांच्या आल्फा व बीटा साखळ्यांत एकाही अक्षराचा भेद नाही. गोरिलाच्या प्रत्येक साखळीत एकेका अक्षराचा भेद आहे. आफ्रिकेतील वानरांना एका बाजूला ठेवून माणसासाठी वेगळे घर बांधण्याची जी वर्गीकरणाची जुनी रीत होती, तिच्या विरुद्ध हा पुरावा होता. याखेरीज या गटाने आणखी एक मुद्दा आग्रहाने मांडला. त्या काळी असे मानण्याकडे कल होता, की रेणूंतील बदल घड्याळाच्या काट्याप्रमाणे सम गतीने होतात. बार्नबस आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की तसे नाही. वंशावळीच्या काही फांद्यांवर बदल झपाट्याने झाले, तर माणसाकडे येणाऱ्या फांदीवर ते मंदावले. हस्तलिखितांनाही हेच लागू आहे. एखाद्या मठात पोथी शतकानुशतके जशीच्या तशी राहते, आणि एखाद्या बाजारात दोन पिढ्यांत ओळखू येईनाशी होते.

पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन नकलाकार एकमेकांना न पाहता एकच चूक करू शकतात. दोन प्राण्यांत एकच बदल स्वतंत्रपणे होऊ शकतो. लाघवाचे तत्त्व अशा ठिकाणी फसते. त्यामुळे १९८१ नंतर संभाव्यतेवर आधारलेल्या पद्धती पुढे आल्या आणि आज वंशवृक्ष बहुतेक त्यांच्याच साह्याने काढले जातात. मात्र मजकूर एकाखाली एक मांडून वाचण्याची पायरी कोणालाही ओलांडता आलेली नाही.

येथे स्फटिक पुन्हा उपयोगी पडतो. पाठ निवडताना संपादक दोन प्रकारचे पुरावे पाहतो: प्रतींची कुळे कोणती, हा बाहेरचा पुरावा, आणि अर्थ कोणत्या पाठाने लागतो, हा आतला. साखळ्यांच्या तुलनेतून मिळतो तो बाहेरचा पुरावा. अर्थ मात्र रेणूच्या आकारात असतो, आणि आकार दाखवला तो पेरुत्झ यांच्या स्फटिकांनी. १९६५ मध्ये पेरुत्झ, केंड्रू आणि हर्मन वॉटसन यांनी उपलब्ध साखळ्या आकाराशी ताडून पाहिल्या. रेणूच्या अंतर्भागात, जेथे पाण्याला मज्जाव आहे, तेथे पाण्याशी न जमणारी आम्लेच टिकून राहिलेली त्यांना आढळली. पृष्ठभागावर मात्र भेदांची मोकळीक होती. जेथे अर्थ अक्षरावर अवलंबून आहे तेथे परंपरा कडक राहते, आणि जेथे नाही तेथे सैल होते. ओवीच्या यमकाची जागा आणि तिच्या मधल्या शब्दांची जागा यांत किती फरक असतो, हे ज्याने प्रती ताडल्या आहेत त्याला ठाऊक आहे.

*

पुढील काळात बार्नबस यांनी आपला पट आणखी मागे नेला. १९८२ मध्ये मार्गारेट डेहॉफ आणि रॉबर्ट श्वार्ट्झ यांच्यासह त्यांनी, प्राणवायू वापरून श्वसन करण्यासारख्या चयापचयाच्या मोठ्या क्लृप्त्या अतिप्राचीन सृष्टीत कोणत्या क्रमाने आल्या असाव्यात, यावर निबंध लिहिला. डेहॉफ या मुळात रसायनशास्त्रज्ञ. १९६५ पासून जगभरच्या प्रथिनसंहिता एकत्र करून त्यांचा कोश प्रसिद्ध करण्याचे काम त्यांनी केले. पहिल्या आवृत्तीत अवघ्या ६५ संहिता होत्या. आज कोट्यवधी संहिता ज्या संगणकीय भांडारांत साठल्या आहेत, त्यांचे मूळ या कोशात आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेतून १९९० च्या सुमारास बार्नबस आणि त्यांचे सहकारी एकपेशीय जीवांची नाती आरएनएच्या संहितांवरून लावत होते.

हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी, १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एका महाविद्यालयात रुजले, याला अर्थ आहे. अहमदनगर हे ग्रंथांचे आणि छापखान्यांचे गाव होते. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तेथूनच निघाला. रेणूंच्या वंशावळीला पेरुत्झ यांच्याइतकी यंत्रसामग्री लागत नाही. इतरांनी वाचून प्रसिद्ध केलेल्या संहिता, त्या शेजारी शेजारी मांडण्याची चिकाटी आणि भेदाचा अर्थ लावणारी दृष्टी एवढे असले, तर नगरात बसूनही डेट्रॉइट आणि नागासाकी यांच्या बरोबरीने वाचता येते. साहित्याच्या संशोधनाविषयी आपण आपल्या विद्यार्थ्यांना हेच सांगत असतो.

एका बाबतीत मात्र ही दोन क्षेत्रे वेगळी होतात, आणि आमच्या मते विचार करण्याजोगी जागा तीच आहे. संहितेचा संपादक मूळ पाठाकडे जाऊ इच्छितो. मधले सारे पाठभेद त्याला तळटीपेत पाठवायचे असतात. एकनाथांची आज्ञाही तीच होती. रेणूंच्या अभ्यासकालाही मूळ हवे असते, पण त्या मुळाला तो शुद्ध म्हणत नाही. चूक झाली नसती, तर डेल्टा आणि बीटा या दोन बहिणी झाल्या नसत्या. एकाच पूर्वज जनुकाची दुबार नक्कल झाली म्हणूनच त्या वेगळ्या वाढल्या. चुका झाल्या नसत्या, तर घोडा, माकड आणि माणूस यांची रक्ते वेगळी झाली नसती. सिकलचे व्हॅलिन दोन्ही पालकांकडून आले तर प्राणावर बेतते. एकाच पालकाकडून आले तर मलेरियापासून रक्षण करते. त्याला भ्रष्ट पाठ म्हणावे की प्रदेशाने राखलेला पाठ, हे पोथी कोणत्या गावात वाचली जात आहे त्यावर ठरते.

मूळ आणि शुद्ध हे दोन शब्द आपल्याकडे सहज जोडीने उच्चारले जातात: भाषेविषयी, ग्रंथाविषयी, आणि दुर्दैवाने माणसांच्या कुळांविषयीही. 'रक्ताची शुद्धता' हा शब्दप्रयोग ज्यांना प्रिय आहे, त्यांनी रक्ताचीच पाठचिकित्सा एकदा पाहावी. तिच्यात शुद्ध प्रत नाही. आहेत त्या प्रती, त्यांचे भेद आणि त्या भेदांवरून कळणारी नाती. ज्ञानेश्वरीच्या वा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी बारीक टाइपात पाठभेदांची जी दाट ओळ असते, ती विद्यार्थी बहुधा ओलांडून जातात. बार्नबस यांनी आपले आयुष्य त्या ओळीच्या वाचनात घालवले. आम्हीही वर्गात त्या ओळीपाशी थोडे अधिक थांबावे, असे त्यांचे काम वाचताना वाटत राहते.